सड्यावरच्या अकादमीतले सीनियर: एका जुन्या ड्रिल इन्स्ट्रक्टरचा अभिप्राय

भरतीच्या मैदानात ड्रिलला एकही गुण नाही. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. सगळं मिळून ५० गुण. नौदलाच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावायचं, मुलांनी साडेसहा मिनिटांत, मुलींनी आठ मिनिटांत, मग उठाबशा, पुश-अप आणि सिट-अप. ‘सावधान’ला तुमच्या टाचा जुळल्या की नाही, हे तिथे कोणी बघत नाही. म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडचे आईबाप मला विचारतात, की त्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, निवासी अकादमीत महिन्याला सात हजार रुपये भरायचे आणि आमच्या पोरांनी रोज सकाळचा पाऊण तास डावा-उजवा करण्यात घालवायचा, हे कशासाठी? आणि शिकवायला कोण, तर तिथेच वर्षभर आधी आलेली पोरं!

त्या सगळ्यांना एकदमच उत्तर मिळावं म्हणून हे लिहितोय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. त्या अकादमीत पैसे देण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट ती वर्षभर आधी आलेली पोरंच आहेत. इमारत साधी, मैदान कठीण, पुस्तकं कुठेही मिळतात तीच. पण नव्या मुलाला उभं राहायला, ऐकायला आणि चालायला शिकवणारे असे सीनियर मी आमच्या जिल्ह्यात दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

मी नौदलातून निवृत्त झालेला जी.आय., म्हणजे गनरी इन्स्ट्रक्टर. कोचीच्या आय.एन.एस. द्रोणाचार्यवर आमचा कोर्स होतो. तोफा आणि दारूगोळा हा कामाचा एक भाग, परेड ग्राउंड हा दुसरा. पुढे ओडिशात आय.एन.एस. चिलकावर नव्या भरतीच्या मुलांना मी ड्रिल शिकवलं. त्यामुळे कोणी ड्रिल घेताना दिसलं की माझी नजर आपोआप पायांकडे जाते. माझी पुतणी या अकादमीत राहून नौदलात गेली, त्या निमित्ताने तिथे जाऊ लागलो आणि ती गेल्यावरही जात राहिलो. अकादमीचं नाव इथे घालत नाही, कारण खाली काही दोषही सांगितले आहेत आणि मुलं अजून तिथे शिकताहेत. आमच्या भागातल्या लोकांना ‘सड्यावरची’ म्हटलं की कळतं.

जागा आधी सांगतो. गावातून घाटी चढून वर आलं की सडा लागतो, सगळा जांभा. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं, दिवाळीनंतर गवत वाळून करडं होतं आणि एप्रिल-मे महिन्यात कातळ इतका तापतो की दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. अकादमीने एका बाजूला मुरूम पसरून ड्रिलचं मैदान केलंय, पण तो मुरूम पहिल्या जोराच्या पावसात वाहून जातो. धावायला खाली समुद्रावर जातात, ओहोटीच्या वेळेला, ओल्या घट्ट पुळणीवरून. मुलांच्या खोल्यांना पत्रा आहे, मुलींची इमारत वेगळी आणि पक्की आहे, तिथे रात्री एक बाई राहतात. जेवण चांगलं आहे. धावून आल्यावर उकड्या तांदळाची पेज, सोबत कधी उकडलेली अंडी, कधी मोड आलेले मूग. दुपारी भात-आमटी-भाजी, बुधवारी आणि रविवारी मासे. पोट बिघडलं म्हणून कोणी घरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता सीनियरांकडे वळतो.

अकादमी चालवतात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतले निवृत्त हवालदार. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला शिकलेला माणूस, आवाज खणखणीत, पण वय झालंय आणि गुडघा दुखतो. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी एक पद्धत बसवली आहे. ज्यांची भरती एक-दोन गुणांनी हुकली, वय अजून बसतंय आणि स्वभाव शांत आहे, अशा मुलामुलींना ते ठेवून घेतात. फी अर्धी. त्यांच्या खांद्याला निळी दोरी. प्रत्येकाकडे दहा-बारा नव्या मुलांची एक तुकडी. पहाटे पाचला उठवण्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत ती तुकडी त्याची किंवा तिची.

पण दोरी मिळाली म्हणून लगेच तुकडी मिळत नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. नवी बॅच यायच्या आधी उस्ताद या सीनियरांना फक्त शिकवायला शिकवतात. पद्धत सैन्यातली जुनीच: बयान, नमुना, अमल. आधी थोडक्यात सांगायचं, मग स्वतः करून दाखवायचं, मग समोरच्याकडून करून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण उभं राहून बघा. नवशिक्या इन्स्ट्रक्टरचं बयान संपतच नाही. ‘सावधान’ म्हणजे टाचा जुळवा, पंजे ३० अंशांत उघडे, मुठी पँटच्या शिवणीला, अंगठा पुढे, छाती वर, हनुवटी आत, नजर समोर, असं सगळं एका दमात सांगून टाकतात आणि समोरच्याला त्यातलं पहिलंही आठवत नाही. उस्तादांचा नियम असा, की एका बयानात एकच अवयव. आज टाचा. टाचा जुळल्या की मुठी. मुठी झाल्या की हनुवटी. ‘विश्राम’ला पाय १२ इंच उघडतात, त्याचीसुद्धा आधी फक्त पायांची गिनती, हात मागे बांधणं नंतर. आचऱ्याचा एक उंच मुलगा आहे, त्याने ‘दहिने मुड’ शिकवताना दोन सकाळी नुसती उजवी टाच आणि डावा पंजा फिरवून घेतला. डावा पाय उचलून जवळ आणणं तिसऱ्या सकाळी. त्याच्या तुकडीत वळताना कोणी डुगडुगत नव्हतं.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझं म्हणणं त्यातून नीट कळेल.

नव्या मुलांमध्ये दरवेळी दोन-तीन जण असे असतात की ‘तेज चल’ म्हटलं की त्यांचा डावा हात डाव्या पायाबरोबर आणि उजवा उजव्याबरोबर जातो. एरवी रस्त्यावर, बाजारात, देवळात ती मुलं बरोबर चालतात. हुकूम ऐकला की शरीर ताठ होतं आणि हात-पाय एकाच बाजूचे सुटतात. बाकीची पोरं हसतात, मग तो आणखी ताठ होतो. मी चिलकावर असताना अशा मुलाला आम्ही बाजूला काढायचो, हात शरीराला चिकटवून नुसते पाय चालवून घ्यायचो, मग हळूहळू हात सोडायला सांगायचो. हे चालतं, पण वेळ लागतो आणि सगळ्यांसमोर चालतं.

इथे कुडाळकडच्या एका मुलाचं असंच झालं. त्याची सीनियर कणकवलीची मुलगी. अंगाने बारीक, पण आवाज असा की वाऱ्यातही शेवटच्या रांगेला ऐकू जावा. तिने तुकडी दुसऱ्या सीनियरकडे दिली आणि त्या मुलाला मैदानाच्या कडेने घेऊन निघाली. हुकूम नाही, काही नाही. मी कुंपणाजवळ बसलो होतो, त्यामुळे बोलणं कानावर पडलं.

“तुझा गाव खंयचा रे? भात कापून झाला काय तुमचा?”

“झाला. आता कुळीथ पेरूचे आसत.”

“जोत घरचा काय भाड्याचा?”

असं जोत, कुळीथ, आई-बाबा करत दोघं मैदानाच्या टोकापर्यंत गेली आणि वळली. परत येताना ती बोलता बोलताच हळू आवाजात ‘डावा… डावा…’ म्हणू लागली, चालण्याच्या तालात. मग म्हणाली, “आता तुझे हात बघ. बरोबर चलतत मां? तूच चलवतंस.” तो मुलगा आपल्या हातांकडे बघतच राहिला. मग तिने त्याला तसाच, न थांबवता, तुकडीच्या शेवटच्या रांगेत नेऊन सोडला. चालत्या तुकडीत चालता मुलगा मिसळला. ‘थम’ झाला तेव्हा तो सगळ्यांबरोबर थांबला.

मी तिला नंतर विचारलं, हे तुला उस्तादांनी शिकवलं? ती म्हणाली, “नाही काका. मी आले तेव्हा माझंपण असंच व्हायचं. हुकूम कानावर आला की पोटात गोळा यायचा. मला वाटायचं, कोणी तरी माझ्याशी दुसरं काही बोलावं.”

अनुभवी इन्स्ट्रक्टरला चूक दिसते. चूक कुठून येते ते त्याला विसरायला झालेलं असतं, कारण त्याचं शरीर ती चूक करणं कधीच सोडून बसलंय. कणकवलीच्या मुलीला ते सगळं अजून आठवतं. मी आयुष्यभर ड्रिल शिकवलं आणि माझ्या हाताखाली चांगले जवान तयार झाले, पण ताठलेल्या मुलाची भीती नेमकी कुठे बसते हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं मी कोणालाही सांगेन. म्हणूनच ‘पोरंच पोरांना शिकवतात’ ही तक्रार मला पटत नाही. ती पोरं नीट निवडलेली आणि नीट तयार केलेली असतील तर तेच अकादमीचं बळ.

ही काही उस्तादांची नवी युक्ती नव्हे. खडकवासल्याच्या एन.डी.ए.त तीन वर्षांत सहा टर्म असतात, आणि स्क्वाड्रनमधली, म्हणजे एकत्र राहणाऱ्या कॅडेटांच्या गटातली, रोजची शिस्त बरीचशी वरच्या टर्मच्या कॅडेटांच्या हातात असते. त्यांना कॅडेट सार्जंट मेजर, डिव्हिजनल कॅडेट कॅप्टन, स्क्वाड्रन कॅडेट कॅप्टन अशा नेमणुका मिळतात. पहिल्या टर्मच्या कॅडेटला ड्रिल स्क्वेअर टेस्ट द्यावी लागते आणि ती पास झाल्याशिवाय बाहेर जायची ‘लिबर्टी’ मिळत नाही. तिथे ड्रिल शिकवायला पगारी उस्ताद आहेतच, पण त्या परीक्षेची भीती घालवायला आणि रात्री बूट-बेल्ट तपासायला सीनियरच असतात. आपल्या कॉलेजातल्या एन.सी.सी.तही सीनियर अंडर ऑफिसर नव्या कॅडेटांची तुकडी घेतोच. ज्याला पुढे माणसं सांभाळायची आहेत त्याला आधी दहा माणसं सांभाळायला द्यायची, ही त्यामागची समजूत आहे आणि ती बरोबर आहे.

कदमाच्या तालाचं तर इथे फारच छान काम चालतं. सैन्यात ‘तेज चल’ म्हणजे मिनिटाला १२० कदम, एक कदम ३० इंच. नव्या मुलाला हे आकडे सांगून उपयोग नाही. सीनियरांनी मैदानाच्या एका पट्टीवर ३० इंचांवर चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या आहेत. मापायला पोफळीची रीप तासून बरोबर ३० इंचांची काठी केली आहे. आमच्याकडे इन्स्ट्रक्टरच्या हातात पितळी टोकाची पेस-स्टिक असायची, तिचं काम ही रीप करते. आणि ताल धरायला ढोल आहे. तुकड्यांमध्ये एक मुलगा शिमग्यात गावच्या पालखीपुढे ढोल वाजवणारा. त्याला एका सीनियरने घड्याळ समोर धरून १२० च्या ठेक्यावर बसवलं. सकाळी सव्वासातला तो ठेका सुरू झाला की नवी मुलं आपोआप रेघेवर पाय टाकू लागतात. उंच मुलांना पाय आखडावा लागतो, बुटक्या मुलींना ताणावा लागतो, पण आठवड्याभरात रेघांकडे बघायची गरज उरत नाही.

हुकूम देण्याचाही सराव होतो. दोन सीनियर मैदानाच्या दोन टोकांना उभे राहतात, मधे वारा, आणि एकमेकांच्या तुकड्या चालवतात. ‘दहिने’ लांबवायचं, क्षणभर थांबायचं, मग ‘मुड’ तोडून टाकायचं. ती मधली क्षणभराची विश्रांती सगळ्यात महत्त्वाची. तेवढ्यात ऐकणाऱ्याचं शरीर तयार होतं. घाईघाईने दोन्ही शब्द जोडून ओरडणाऱ्या इन्स्ट्रक्टरची तुकडी कधीच एकदम वळत नाही. आवाज घशातून काढला तर दोन दिवसांत बसतो, पोटातून काढावा लागतो. हे मुलींना जास्त लवकर जमलं, असं माझं निरीक्षण आहे.

आता शिक्षेचा विषय. हा प्रश्न आया हळूच विचारतात आणि बाप विचारतच नाहीत.

सैन्यात रगडा, म्हणजे अंग मोडून काढणारी शिक्षा, असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण रगडा देण्याचा अधिकार आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हातात आलेली सत्ता या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ पासून आहे, तो उगाच झाला नाही. इथला नियम स्पष्ट आहे: सीनियरने शिक्षा द्यायची नाही. चूक झाली तर तीच हालचाल पुन्हा करून घ्यायची, स्वतः शेजारी उभं राहून, नव्या मुलाबरोबर आपणही करायची. हात लावायचा तर विचारून, आणि मुलींच्या तुकडीला मुलगीच. शिक्षा करायची वेळ आली तर उस्ताद करतील.

हा नियम नुसता फळ्यावर लिहिलेला नाही, हे मी पाहिलं. एका सीनियरने रागाच्या भरात एका नव्या मुलाला कातळावर फ्रंट रोल मारायला लावले. मुलाची दोन्ही कोपरं सोलवटली. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी त्या सीनियरला खोलीत बोलावलं, दोरी काढून घेतली आणि त्याच मुलाच्या शेजारी रांगेत उभं केलं. आरडाओरडा नाही, भाषण नाही. तो महिनाभर शिकाऊ म्हणून राहिला. मुलाच्या घरी उस्तादांनी स्वतः फोन केला. माझ्या मते हे योग्य झालं. ज्या अकादमीत असं काही कधी घडतच नाही असं मालक सांगतो, तिच्यापेक्षा घडल्यावर काय केलं हे सांगणारी अकादमी मी निवडीन.

पुतणीचं सांगतो. ती चिलकाला गेली. तिथे पहिल्या दिवसांत मुलं गोंधळतात: भाषा वेगळी, झोप कमी, सतत कोणी तरी हाका मारतंय. घरी फोन करायची परवानगी मिळाली तेव्हा ती म्हणाली, “काका, दिवसभरात परेड ग्राउंडवरचा वेळच असा असतो की मला काय करायचं ते कळतं.” तिच्या तुकडीतल्या केरळच्या आणि बिहारच्या मुलींना ती संध्याकाळी ‘पीछे मुड’ करून दाखवायची. भरतीत ड्रिलला गुण नाही हे खरं. पण भरतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जो ऐकायला शिकलेला असतो तो टिकतो, आणि ड्रिल म्हणजे आधी ऐकणं, मग हलणं. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, त्यातले पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. तिथे पहिल्या दिवसापासून मागे पडणं कोणालाच परवडत नाही.

एक गोष्ट मात्र तिला तिथे नव्याने शिकावी लागली. सलाम. उस्ताद भूदलातले, म्हणून इथे सगळ्यांना भूदलाचाच सलाम शिकवतात, तळवा समोर उघडा. नौदलात तळवा खाली वळलेला असतो. हवाई दलाने २००६ पासून दोन्हींच्या मधला, ४५ अंशांतला सलाम घेतला आहे. हे मी सीनियरांना एका रविवारी करून दाखवलं. पुढच्या वेळी गेलो तर कणकवलीच्या मुलीने तिन्ही सलामांची चित्रं काढून फळ्यावर लावली होती आणि नव्या मुलांना विचारत होती, तू कुठे जाणार, मग तुझा कुठला? त्याच फळ्यावर रायगडकडच्या माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांची माहिती आहे. ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, इटली, १० जुलै १९४४, व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. शेजारी वर्तमानपत्रातलं कात्रण: मे २०२५ मध्ये एन.डी.ए.तून पास झालेल्या पहिल्या १७ मुली. मुलींची तुकडी रोज त्या फळ्यासमोरून मैदानावर जाते.

दोष सांगतो, आणि ते मी उस्तादांना तोंडावर सांगितलेत.

पहिला, मैदान. मुरूम वाहून गेला की पोरं कातळावर पाय आपटतात, तेही कॅनव्हासच्या पातळ बुटांत. नडगीचं दुखणं तिथे घरोघरी आहे. नडगी दुखावलेला मुलगा १६०० मीटरला मार खातो, म्हणजे ज्याला गुण नाहीत त्यापायी ज्याला गुण आहेत ते घालवायचं. पहिले दोन आठवडे पाय न आपटता ड्रिल घ्यावं, किंवा तुकड्या ओहोटीच्या वेळी खाली पुळणीवर न्याव्यात. सांगितल्यापासून आठवड्यातले दोन दिवस नेतात. मुरूम मात्र अजून पडायचा आहे.

दुसरा, पोहणं. समुद्र समोर दिसतोय, निम्मी मुलं नौदलाची स्वप्नं बघताहेत, आणि पोहणं शिकवण्याची सोय नाही. भरतीच्या चाचणीत पोहणं नसतं, पण प्रशिक्षणात ते शिकावंच लागतं. खाडीकाठची मुलं तरतात. सह्याद्रीच्या पायथ्याकडून आलेल्या मुलांनी पाण्यात कधी डोकं बुडवलेलं नसतं. समुद्रात कोणी शिकवू नये, लाटा आणि ओढ दोन्ही फसव्या. पण आठवड्यातून एकदा तलावावर नेता येईल.

पाण्याची टंचाई एप्रिलपासून जाणवते, टँकर येतो, कपडे धुण्यावर मर्यादा येते. सड्यावर राहायचं तर हे आलंच.

तिसरा दोष मला सर्वांत जास्त टोचतो, आणि तो सीनियरांच्या बाबतीतलाच. ती मुलं तिथे मुळात स्वतःच्या भरतीसाठी थांबली आहेत. कणकवलीच्या मुलीचं धावणं उत्तम आहे, तिची भरती लेखी परीक्षेत अडकली होती. आणि अकादमीत तिला अभ्यासाला वेळ कधी? पहाटे तुकडी उठवायची, धावायला न्यायची, ड्रिल, नाश्त्याच्या रांगा, दुपारी आजारी मुलाला दवाखान्यात, संध्याकाळी पुन्हा मैदान, रात्री हजेरी. मी एकदा संध्याकाळी उशिरापर्यंत थांबलो होतो. ती जेवणाच्या शेडमध्ये गणिताच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. फी अर्धी केली म्हणून मुलाचं एक वर्ष विकत घेता येत नाही. ज्या पोरांच्या जोरावर ही अकादमी चालते ती पोरंच दुसऱ्यांदा नापास झाली, तर ती सेवा कितीही चांगली असली तरी मी तिला चांगली म्हणणार नाही. मी उस्तादांना म्हटलं, दुपारी बारा ते चार सीनियरांना कोणी हाक मारायची नाही, आणि परीक्षेच्या आधी महिनाभर दोरी दुसऱ्याच्या खांद्यावर. त्यांनी दुपारचं लगेच मान्य केलं. महिन्याचं अजून अर्धवट आहे. जागी घ्यायला तयार सीनियर पुरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग जास्त तयार करा, असं माझं.

तेव्हा विचारणाऱ्या आईबापांना माझं सांगणं असं. मुलगा किंवा मुलगी तिथे जरूर पाठवा. ऑफिसात जाऊन फी विचारून परतू नका. सकाळी सात वाजता मैदानावर जा आणि सगळ्यात मागे पडणाऱ्या मुलाजवळ सीनियर काय करतोय ते पाच मिनिटं बघा. बरोबर देताना बूट दोन जोड द्या, एक धावायचा जाड तळाचा, एक ड्रिलचा, आणि ड्रिलच्या बुटांत जाड मोजे. आधीचं नडगीचं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका. आणि वर्षभराने तुमच्या मुलाला निळी दोरी देऊ केली तर आनंदाने हो म्हणा, पण उस्तादांकडून आधी कबूल करून घ्या की परीक्षेआधीचा महिना त्याचा स्वतःचा असेल. नवी बॅच गणपतीनंतर सुरू होते; मुलींच्या खोल्या लवकर भरतात, त्यांनी श्रावणातच नाव घालावं.